खिडकीजवळची जागा

२० मार्च २००९, शुक्रवार

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकाचे शेवटचे पान आजपासून माझ्याकडे आले. या पानावर इतके दिवस एका बिल्डरची जाहिरात असायची. खजुराची झाडे, निळे पाणी आणि मधोमध अजून न बांधलेली इमारत. जाहिरात देणारे गृहस्थ गेल्या महिन्यात आपली गाडी विमानतळावर सोडून मायदेशी निघून गेले. पान रिकामे झाले.

अध्यक्ष प्रमिलाताईंचा फोन आला. "सुलभाताई, तुमचं जॉग्रफी ना? वेदरबिदर काहीतरी टाका. पेज भरलं की झालं."

मी सांगितले की मी काहीतरी टाकत नसते. टाकायचे तर शास्त्रशुद्ध टाकीन. बी.ए., भूगोल, १९८१, द्वितीय वर्ग. प्रथम वर्ग थोडक्यात हुकला, तोही प्रात्यक्षिकात, कारण कॉलेजचा वातकुक्कुट गंजलेला होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सदराचे नाव ठरवले: 'रास अल खैमा व लगतचा डोंगराळ वाळवंटी प्रदेश: उन्हाळ्याच्या पूर्वार्धाचा अंदाज'. हे म्हणाले, नाव जरा लांब होतंय. मी म्हटले, प्रदेशही लांबच आहे.

प्रदेश मात्र समजायला सोपा. पश्चिमेला समुद्र, मग सपाट पट्टी, मग पूर्वेला हजरचे डोंगर. म्हणजे कोकण आणि सह्याद्रीच, फक्त पाऊस वजा. जे काही येईल ते समुद्राकडून येईल. डोंगरामागून काही यायचा प्रश्नच नाही.

२७ मार्च, शुक्रवार

गुढीपाडवा. पहिला अंदाज परवाच छापून आला होता: 'वारा मंद. गुढी उभारण्यास अनुकूल.'

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. नऊच्या सुमारास जोराचा वारा सुटला. गुढी काठीसकट खालच्या मजल्यावरच्या शहनाझच्या डिश अँटेनावर आडवी झाली आणि माझे हिरवे रेशमी वस्त्र अँटेनाभोवती गुंडाळले गेले. तिच्याकडचे टीव्हीवरचे सगळे चॅनेल बंद.

शहनाझ हैदराबादची. वर आली ती तांब्या हातात घेऊन. "भाभी, आपका त्योहार हमारे डिश पे आ गया।"

मी तिला श्रीखंड दिले. ऋता म्हणाली, "आई, युवर फोरकास्ट वॉज लिटरली द अपोझिट." ही मुलगी आता दहावीत जाईल आणि अजून आईशी मराठीत एक वाक्य धड बोलत नाही.

अंदाज चुकला असे मी म्हणणार नाही. वाऱ्याने घाई केली.

२ एप्रिल, गुरुवार

हे घरी लवकर आले आणि बूट न काढता बाल्कनीत जाऊन उभे राहिले. यांच्या टाइल्सच्या कंपनीत आज बऱ्याच लोकांना पत्रे दिली म्हणे. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. समोरच्या इमारतीतली दोन कुटुंबे अशीच गेली. ऋताची दहावी कालच सुरू झाली, म्हणून मी स्पष्टच विचारले.

"तुमचं काय?"

"माझं... जागा बदलली माझी."

"कुठे?"

हे समोरच्या डोंगराकडे बघत होते. "खिडकीजवळ," म्हणाले.

लोकांना काढत असताना यांना खिडकी दिली, यावरून काय ते समजावे. एकवीस वर्षे खरेदी विभाग सांभाळला, त्याचे चीज झाले. संध्याकाळी शिरा केला. यांनी फारसा खाल्ला नाही. स्वभावच संकोची.

८ एप्रिल, बुधवार

खिडकीचा मला फार उपयोग होत आहे. हे घरी आले की मी रोज विचारते, "आज हवा कशी होती?" पूर्वी म्हणायचे, "एसीत काय कळतंय." आता तपशील देतात. काल म्हणाले, "सकाळी समुद्रावर धुरकट होतं. दुपारी वारा वायव्येकडून फिरला, वाळू सरपटत यायला लागली. अशा वाऱ्यानंतर दोन दिवस हवा कोरडी राहते, मागच्या वेळीही राहिली होती." एसीत बसून एवढे दिसते म्हणजे खिडकी मोठी असणार.

ती पश्चिमेची असावी. यांच्या नाकाचे टोक सोलले आहे आणि मान तांबूस झाली आहे. पडदा मागा म्हटले. "मागतो," म्हणाले. बुटांत बारीक वाळू असते. सफाईवाल्यांनाही कमी केलेले दिसते.

कंपनीची गाडी सर्व्हिसिंगला गेली ती अजून आली नाही. हे शेअर टॅक्सीने जातात. मंदीने गॅरेजवालेही आळशी झाले.

१४ एप्रिल, मंगळवार

विजय. मी मंडळाच्या सर्वांना एसेमेस पाठवला होता: 'उद्या दुपारी धूळ. कपडे आत घ्या.' दुपारी धूळ आली. प्रमिलाताईंच्या शेजारणीचे सगळे कपडे विटकरी झाले, प्रमिलाताईंचे पांढरे राहिले. त्यांचा फोन: "सुलभाताई, तुम्ही म्हणजे चालतीबोलती वेधशाळा." शहनाझसुद्धा आता मिरच्या वाळत घालण्यापूर्वी विचारून जाते.

अभ्यासाला पर्याय नाही. हे यांना सांगितले. यांनी मान डोलावली आणि विचारले, उद्या डब्यात चार पोळ्या जास्त देशील का.

१९ एप्रिल, रविवार

दोन बाबी नोंदवून ठेवते.

एक, यांचा निळा टाय खालून कुरतडलेला आहे. विचारले तर म्हणाले, कागद फाडायच्या मशीनमध्ये अडकला. मशीन बदलून घ्या, एखाद्याचा गळा जायचा. पँटवर पांढरे राठ केस होते. ऑफिसात मांजर पाळले असावे. मंदीत ही थेरं.

दोन, जादा पोळ्या इद्रीस नावाच्या नव्या सहकाऱ्यासाठी असतात. पेशावरकडचा आहे. त्याला माझी भेंडी फार आवडते. "कुठल्या डिपार्टमेंटला आहे?" विचारले. हे म्हणाले, "चहाचं वगैरे बघतो. बाकी ओपन एअर." म्हणजे साइटवरचा दिसतो. माणसाला चव आहे. उद्या भेंडी जास्त करीन.

ऋता मधेच म्हणाली, "आई, यू नेव्हर आस्क बाबा हाऊ हिज डे वॉज. यू ओन्ली आस्क हाऊ द वेदर वॉज."

मी म्हटले, "हवा कळली की दिवस कळतोच."

ती यांच्याकडे पाहत राहिली आणि उठून खोलीत गेली. या वयात मुलींना नाटकीपणा फार.

२४ एप्रिल, शुक्रवार

मंडळाची बैठक प्रमिलाताईंकडे. महाराष्ट्र दिनाला यंदा हॉल नाही, प्रायोजक नाही, ऑर्केस्ट्रा नाही. "कॅन्सल करूया," त्या म्हणाल्या. "एवीतेवी निम्मे मेंबर परत चाललेत."

मी उभी राहिले. म्हटले, परत जाणाऱ्यांना निरोप म्हणून तरी कार्यक्रम झालाच पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या वाडीत, मोकळ्या आकाशाखाली. आकाशाला भाडे नाही.

"आणि वेदर?"

"वेदर माझ्यावर सोडा."

टाळ्या पडल्या. हे कोपऱ्यात बसले होते. घरी येताना म्हणाले, "सुलभा, वाडी म्हणजे ओढाच असतो. पाणी येतं तेव्हा एकदम येतं." मी विचारले, कुठून येणार?

२८ एप्रिल, मंगळवार

हे आज दुबईला जाऊन आले. कालही गेले होते. नवी इस्त्री केलेला शर्ट, केसांना तेल, कागदांची फाइल. मीटिंगा वाढल्या आहेत. विचारले, "आज हवा कशी होती?"

"कल्पना नाही गं. दिवसभर आत होतो. एकामागून एक बसवून ठेवत होते."

नेमकी आवश्यकता असताना हे खिडकी सोडून बसले. हरकत नाही. मूळ पदवी माझी आहे, यांची नव्हे. मी नकाशा उघडून बसले. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, वारा कोरडा. शुक्रवारचा अंदाज लिहून पाठवला: 'आकाश निरभ्र. पावसाची शक्यता शून्य. छत्र्यांचे ओझे आणू नये.'

शेवटचे वाक्य प्रमिलाताईंसाठी. त्या छत्रीशिवाय मशिदीसमोरच्या भाजीवाल्याकडेही जात नाहीत.

१ मे, शुक्रवार

आजची नोंद क्रमाने करते.

सकाळी आकाश निरभ्र. हे प्रथम नोंदवते, कारण नंतर कुणी विचारणार नाही.

साठेक माणसे जमली. दोन खडकांच्या मधे 'महाराष्ट्र दिन' असा मोठा फ्लेक्स बांधला. सतरंज्या घातल्या, स्वागतगीत झाले, पुरणपोळ्यांचे डबे उघडले. प्रमिलाताईंनी मूठभर लोकांची नावे वाचली, या महिन्यात कायमचे परत जाणाऱ्यांची. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की हे कार्यक्रमाकडे पाठ करून डोंगराच्या खिंडीकडे बघत आहेत.

"सुलभा, सगळ्यांना उठव."

"भाषणे व्हायची आहेत."

"खिंडीच्या वर बघ. शेळ्या मघाशीच उतरल्यात. पंधरा मिनिटं आहेत फार तर."

खिंडीच्या वर काळा ढग होता. पूर्वेला. म्हणजे डोंगरामागून. मी यांना सांगितले की शास्त्राप्रमाणे तो तिथे असू शकत नाही.

"अगं, आपल्याकडे वळीव कुठनं येतो?" हे म्हणाले.

वळीव आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

मग वारा आला. फ्लेक्स सुटला आणि डोक्यांवरून उडत गेला. मग धूळ, मग थेंब, मग गारा. श्रीखंडाच्या पातेल्यात गारा पडल्या, त्या कुणीतरी पोरांनी श्रीखंडासकट खाल्ल्या. प्रमिलाताई ओरडल्या, "मी छत्री आणणारच होते!" हे सतरंज्यांमधे उभे राहून इतक्या मोठ्याने बोलले की यांचा असा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता. "वाडीतून वर या! पातेली राहू द्या! डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे, माझ्या मागे या. यल्ला!"

साठ माणसे यांच्या मागे धावली. आम्ही शेडमध्ये पोचलो आणि थोड्याच वेळात जिथे सतरंज्या होत्या तिथून तांबडे पाणी वाहू लागले. एक सतरंजी आणि पुरणपोळ्यांचे दोन डबे समुद्राच्या दिशेने गेले. पश्चिमेला.

शेड म्हणजे चहाची टपरी आणि तिच्या मागे शेळ्यांचा गोठा. दाढीवाला मालक बाहेर आला आणि यांना पाहून हसला.

"वासुभाई! आज जुम्मा है, आज तो छुट्टी कर लेते।" मग माझ्याकडे वळून, हात छातीवर ठेवून, "भाभीजी? मैं इद्रीस। आपकी भिंडी का नमक खाया है मैंने।"

मंडळाचे सगळे लोक ऐकत होते. एक पांढरी शेळी पुढे आली, यांच्या गळ्याकडे बघू लागली, आणि टाय नाही हे पाहून निराश झाली.

इद्रीसने भिंतीशी ठेवलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची पुसून मला दिली. "यह वासुभाई की कुर्सी है। सुबह से शाम तक। फोन करते हैं, बायोडेटा भेजते हैं, फिर मौसम देखते हैं।"

प्रमिलाताईंना बोलायचे होते, पण ऋताने त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला.

मी खुर्चीत बसले. तिथून खिंड दिसते, समुद्राचा पट्टा दिसतो, आणि सिमेंटच्या कारखान्याचा धूर कुठल्या दिशेला वळतो तेही दिसते. वेध घेण्यासाठी जागा उत्तम आहे. ऊन थेट नाकावर येते.

२ मे, शनिवार

सकाळी दोघेच टेबलाशी बसलो. मी चहा दिला.

"कधीपासून?"

"दोन एप्रिल."

"मग खिडकी?"

"खिडकी अशी नाही," हे म्हणाले. "सगळं उघडंच."

व्हिसा जूनअखेरपर्यंत कंपनीने ठेवला आहे. तोवर दुसरे काही मिळाले नाही तर परत जायचे, आणि ऋताला तिकडच्या शाळेत घालायचे. दुबईच्या दोन मुलाखतींचे इन्शाल्ला चालू आहे. हे सगळे सांगून झाल्यावर बशीतला चहा निवत ठेवून बसले.

"सांगायचं नव्हतं असं नाही. हवा जरा निवळली की सांगणार होतो."

मी विचारले, ऋताला ठाऊक होते का. होते. तिनेच यांना बायोडेटा इंग्रजीत नीट करून दिला होता. शहनाझला? तिच्या नवऱ्याने यांना टपरीवर पाहिले होते. तिने मला कधी काही म्हटले नाही, मिरच्यांचे तेवढे विचारत राहिली.

म्हणजे रास अल खैमा आणि लगतच्या डोंगराळ प्रदेशात एक मीच उरले होते. नाक सोलले, बुटात वाळू, पँटला केस, टाय खाल्लेला. एवढी निरीक्षणे हातात असून मी निष्कर्ष मांजराचा काढला.

रागवायचे ठरवले होते. पण यांनी निवलेला चहा तसाच घोटभर घेतला आणि म्हणाले, "काल श्रीखंड बरं झालं होतं. गारांनी जरा पातळ झालं इतकंच." मग रागवायचे राहिले.

३ मे, रविवार

सकाळी हे सवयीने टाय बांधू लागले.

"टाय काढून ठेवा," मी म्हटले. "शेळीने एक खाल्ला तेवढा पुरे."

डबा दोघांचा भरला. भेंडी इद्रीसची वेगळी. टपरीवर पोचलो तर लाल खुर्चीशेजारी एक निळी मांडलेली होती. आमचा फ्लेक्सही सापडला. इद्रीसने तो गोठ्याच्या छपरावर घालून चारी बाजूंनी दगड ठेवले आहेत. शेळ्या आता 'महाराष्ट्र दिना'खाली बसतात.

यांनी फोन लावले. कुणाशी कसे बोलतात ते मी प्रथमच ऐकले. फार मवाळ. "सर, इफ पॉसिबल, सर." दोन फोननंतर मी सांगितले, आवाज शुक्रवारसारखा काढा. पाणी येतंय असं समजा. तिसऱ्या फोनला यांनी काढला. पलीकडच्याने नंबर लिहून घेतला.

प्रमिलाताईंचा निरोप आला आहे की सदर थांबवावे. मी कळवले की जूनचा अंदाज पाठवते, या वेळी ढगांची बाजू तपासून.

१९ मे, मंगळवार

तिसऱ्या फोनवाल्याने बोलावले. दुबईतल्या मुहैस्नाहमध्ये कामगारांच्या कॅम्पचे स्टोअर सांभाळायचे. पद लहान, पगार पूर्वीपेक्षा बराच कमी, पण व्हिसा आहे. ऋताची दहावी इथेच होईल. तिला सांगितले तर "ओके, कूल," म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. पाण्याच्या अपव्ययाबद्दल आज काही बोलले नाही.

स्टोअर तळघरात आहे. खिडकी नाही. यांनी ते दोनदा सांगितले, जणू माझी क्षमा मागत होते.

९ जून, मंगळवार

यांना पहाटे बसमध्ये बसवून मी शेअर टॅक्सीने टपरीवर जाते. निळी खुर्ची आता माझी. दुपारपर्यंत वेध घेते आणि परत येते. इद्रीस विचारतो, "भाभी, आज क्या रिपोर्ट?" मी सांगते. शेळ्या काय करतात तेही पाहून ठेवते, कारण एक जूनपासून माझे अंदाज बऱ्यापैकी बरोबर येत आहेत आणि त्यात शेळ्यांचा वाटा किती हे अजून ठरवता आलेले नाही. प्रमिलाताई सदर चालू ठेवायला तयार झाल्या आहेत. छत्रीसंबंधी वाक्य न लिहिण्याची अट आहे.

आज विशेष घडले. सकाळी दमट, दुपारी खिंडीवर ढग जमले, विजा चमकल्या, आणि एकही थेंब न पडता विरून गेले. चांगली सविस्तर नोंद होईल असा दिवस. वाटभर वाक्ये जुळवत आले.

हे संध्याकाळी आले. अंगाला तळघरातल्या तांदळाच्या पोत्यांचा वास. नाकाला नवी कातडी आली आहे, पांढरी पडली आहे. सोफ्यावर बसून बूट काढता काढता यांनीच विचारले, "आज हवा कशी होती?"

ऋता पुस्तकातून डोके वर काढून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटले, "हवेचं राहू द्या. तुमचा दिवस कसा गेला?"

यांनी एक बूट हातात तसाच धरला. आधी "ठीक" म्हणाले. मग म्हणाले की स्टोअरमध्ये एक दत्ताराम म्हणून कोकणातला माणूस आहे, तो पोती मोजताना गातो. मग म्हणाले की पहिले दोन दिवस तळघरात श्वास कोंडल्यासारखा झाला होता. मग टाइल्सच्या कंपनीतल्या शेवटच्या दिवसाचे सांगितले, टेबल रिकामे करताना कुणी वर पाहिले नाही ते. ऋता येऊन यांच्या शेजारी बसली. भात जरा लागला, पण मी उठले नाही.

हे बराच वेळ बोलत होते. आजच्या हवामानाची नोंद राहून गेली.